लहान ऑफिसच्या नेटवर्कवर फायरवॉलचे नियम कसे लावावेत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इंदूरच्या दवा बाजारात, सियागंजात किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांमध्ये कुठल्याही लहान ऑफिसात डोकावलात तर नेटवर्कची मांडणी थोड्याफार फरकाने तीच असते. नेटवाल्याने भिंतीवर ठोकलेलं पांढरं खोकं, त्याला लटकलेला आठ पोर्टचा स्विच, आणि त्या स्विचवर बिलिंगचा सर्व्हर, अकाउंट्सचे कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, प्रिंटर. वायफायचा पासवर्ड एमआरपासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. एकाच जाळ्यात सगळे, आणि सगळ्यांना सगळं दिसतं. कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणी नाही हे ठरवणारं मधलं खोकं म्हणजे फायरवॉल.

आमच्या काकांचं औषधांच्या डिस्ट्रिब्युशनचं ऑफिस आहे, तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. शिक्षण बीकॉम. हे काम शिकताना जी माहिती मिळायची ती एक तर मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांसाठी लिहिलेली, नाही तर खोकं विकणाऱ्याची. पाच ते तीस कॉम्प्युटरांच्या ऑफिसला नेमकं काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो. आकडे देवनागरीत दिले आहेत. मशीनमध्ये भरताना अर्थातच इंग्रजी आकडे.

१. आधी वही, खोकं नंतर

नियम लावायला एक दुपार पुरते. वेळ लागतो तो ऑफिसात कोण कोणाशी बोलतं हे शोधायला, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: कोण, कोणाशी, कोणत्या पोर्टवर, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून. (पोर्ट म्हणजे इथे वायर खोचायची जागा नव्हे, प्रत्येक कामाच्या दाराचा क्रमांक.) शेवटचा रकाना फालतू वाटेल, पण दोन वर्षांनी "हा नियम कोणी टाकला?" असं विचारायची वेळ येते तेव्हा तोच वाचवतो.

आमच्या वहीतल्या काही ओळी साधारण अशा होत्या:

- अकाउंट्सचे कॉम्प्युटर ते बिलिंग सर्व्हर: पोर्ट ४४५, डेटाचं फोल्डर शेअर केलेलं आहे म्हणून
- टॅली असलेले कॉम्प्युटर ते टॅलीचं लायसन्स असलेला कॉम्प्युटर: पोर्ट ९९९९
- हजेरीचं सॉफ्टवेअर असलेला एक कॉम्प्युटर ते हजेरीचं मशीन: पोर्ट ४३७०
- सगळे कॉम्प्युटर ते इंटरनेट: पोर्ट ४४३ आणि ८०, जीएसटी पोर्टल, बँक, ई-इनव्हॉइस
- मेल असलेले कॉम्प्युटर ते मेल सर्व्हर: ९९३, ५८७, ४६५
- काका घरून: कॅमेरे बघणं आणि कधीमधी बिलिंग

पोर्ट कोणता हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारलंत तर उत्तर हमखास येतं, "फायरवॉल बंद कर दो सर, सब चल जाएगा." नम्रपणे "हाँ भैया" म्हणा आणि फोन ठेवा. सर्व्हरवर विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या पानावर 'लिसनिंग पोर्ट्स' नावाची यादी आहे. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर कान लावून बसला आहे ते तिथे सरळ दिसतं. मग सॉफ्टवेअर नेहमीसारखं वापरा आणि शेजारच्या 'टीसीपी कनेक्शन्स'मध्ये कोण जोडलं जातंय ते पाहा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करायची गरजच पडत नाही.

२. हाताशी काय काय हवं

कागदपत्रं:

- नेटचं बिल आणि कनेक्शनचा प्रकार. पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून जोडलं जाणारं कनेक्शन, असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड. हे बिलावर छापलेलं नसतं, कस्टमर केअरकडून मागून घ्यावं लागतं.
- स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतला असेल तर त्याचं पत्र किंवा मेल
- जुन्या राउटरचा आणि डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड. कॅमेरेवाल्याकडे असतो, हे काम सुरू करण्याआधी मागा, नंतर तो फोन उचलत नाही.
- सगळ्या उपकरणांची यादी, मॅक ॲड्रेससकट (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक)

साहित्य: फायरवॉलचं खोकं, मॅनेज्ड स्विच (साध्या स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी, करता येत नाही), चार-सहा पॅच कॉर्ड, एक लॅपटॉप ज्याला वायरीचा पोर्ट आहे, लेबलं लावायला मार्कर, आणि यूपीएस. मोडेम, फायरवॉल आणि स्विच तिन्ही यूपीएसवर पाहिजेत. पावसाळ्यात वीज सेकंदभर जाऊन येते तेवढ्यात खोकं रिस्टार्ट होतं आणि चालू बिलिंग तुटतं. शिव्या मग फायरवॉलला.

३. खोकं कोणतं

इथे फार वेळ घालवू नका. तीन रस्ते आहेत. जुन्या पीसीत दुसरं नेटवर्क कार्ड टाकून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर बसवणं हा सगळ्यात स्वस्त. रवींद्रनाथ टागोर मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये वापरलेली इंटेलची कार्डं मिळतात, तीच घ्या. पीसी ६४ बिटचा हवा. पीएफसेन्सने २०१७ मध्ये ३२ बिट सोडलं. दुसरा रस्ता मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचा: लहान, वीज कमी खाणारं, पण शिकायला कडक. तिसरा फोर्टिगेट किंवा सोफोससारख्या कंपन्यांचा, ज्यात वेबसाइट फिल्टर आणि हल्ले ओळखण्याची सोय दर वर्षीच्या वर्गणीवर चालते. वर्गणी संपली की त्या सोयी बंद पडतात किंवा अद्ययावत होणं थांबतं, साधे नियम चालू राहतात. विकणारा हे सांगत नाही.

एखाद्या जुन्या ऑफिसात सायबरोमचं खोकं अजून दिवा लावून बसलेलं दिसतं. अहमदाबादची ही कंपनी सोफोसने २०१४ मध्ये घेतली. "चालतंय ना" म्हणून ते ठेवू नका. ज्या फायरवॉलला दुरुस्त्या येणं बंद झालंय, तीच आत शिरण्याची वाट बनते.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला पीएफसेन्स. पडद्यावर नियम वाचता येतात, त्यामुळे शिकायला बरं. पुढची उदाहरणं त्याचीच आहेत, तरी विचार सगळीकडे लागू पडतो.

४. नेटवाल्याचं खोकं बाजूला करणं

नेटवाल्याचं ओएनटी, म्हणजे भिंतीवरचं ते पांढरं खोकं, स्वतः राउटर असतं. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे बाहेरचा आयपी थेट तुमच्या फायरवॉलवर येईल. काही कंपन्या फोनवर करून देतात, काही नाही म्हणतात. नाही म्हटलं तर दुहेरी नॅट होईल, म्हणजे आतले आणि बाहेरचे पत्ते दोन खोक्यांत दोनदा बदलले जातील. बाहेर जाणाऱ्या कामाला त्याने फरक पडत नाही, बाहेरून आत यायचं असेल तर मात्र वरच्या खोक्यातही वाट करून द्यावी लागते.

इथला मोठा सापळा म्हणजे ओएनटीचं वायफाय. फायरवॉल लावली, नियम लावले, सगळं छान, आणि ऑफिसातले अर्धे लोक अजून ओएनटीच्याच वायफायवर. म्हणजे ते फायरवॉलच्या बाहेर बसलेत. ते वायफाय बंद करा आणि ओएनटीचे बाकीचे लॅन पोर्टही रिकामे आहेत ना ते पाहा. कॅमेरेवाल्याला जो पोर्ट जवळ दिसतो त्यात तो वायर खोचतो.

मग फायरवॉलच्या पडद्यावर बाहेरचा, म्हणजे वॅनचा आयपी काय आलाय ते वाचा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून तुमच्यापर्यंत थेट येता येणार नाही. घरून काम करायचं असेल तर स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरा, किंवा टेलस्केलसारखी आतून बाहेर जोडणारी सेवा वापरा.

५. जाळ्याचे भाग पाडणं

फायरवॉलला दोन भागांच्या मधलीच रहदारी अडवता येते. एकाच स्विचवर एकाच जाळ्यात बसलेला डीव्हीआर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलले तर ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी व्हीलॅन पाडायचे. आम्ही चार केले (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे कायम, शेवटचा उपकरणाप्रमाणे बदलतो):

- व्हीलॅन १०, ऑफिस: १०.४५.१०.०/२४
- व्हीलॅन २०, सर्व्हर: १०.४५.२०.०/२४
- व्हीलॅन ३०, कॅमेरे आणि हजेरी: १०.४५.३०.०/२४
- व्हीलॅन ४०, पाहुण्यांचं वायफाय: १०.४५.४०.०/२४

१९२.१६८.१ पासून सुरू होणारे आकडे मुद्दाम टाळलेत. घरोघरी राउटर तेच आकडे देतात. ऑफिसही त्यावर असेल तर घरून व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात यायची सुरक्षित वाट) जोडल्यावर लॅपटॉपला कळत नाही की १९२.१६८.१.१० म्हणजे ऑफिसचा सर्व्हर की घरचा टीव्ही. व्हीपीएन "जोडलंय" असं दिसतं आणि काहीच उघडत नाही. नंतर आकडे बदलणं म्हणजे प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक टॅली, प्रत्येक शॉर्टकट पुन्हा जोडणं. आताच करून टाका.

प्रिंटर ऑफिसच्याच व्हीलॅनमध्ये राहू द्या. वेगळा काढला की विंडोजला तो आपोआप सापडत नाही आणि त्याचा त्रास तुमच्या माथी येतो. कार्ड स्वाइपचं मशीन वायफायवर असेल तर पाहुण्यांच्या जाळ्यात ठेवा. त्याला फक्त इंटरनेट लागतं.

सर्व्हर, डीव्हीआर आणि हजेरीच्या मशीनचा आयपी कायमचा बांधून ठेवा, म्हणजे डीएचसीपीत (आयपी आपोआप वाटणारी सोय) त्यांच्या मॅकवर आरक्षण करा. नियम आयपीवर लिहिलेला असतो. उद्या डीव्हीआरला दुसरा आयपी मिळाला की नियम तिसऱ्याच कोणाला लागू होतो.

६. नियम वाचायची पद्धत

सगळी गडबड इथे होते, म्हणून चार गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली: नियम वरून खाली वाचले जातात आणि जो आधी जुळला तो लागतो. खालचे मग बघितलेच जात नाहीत. वर "सगळ्यांना सगळं" असा नियम असेल तर त्याखाली लिहिलेली पन्नास बंधनं निव्वळ शोभेची. पीएफसेन्समध्ये प्रत्येक जाळ्याच्या नियमांचं पान वेगळं असतं, आणि लॅनवर असा नियम पहिल्यापासून असतो. नव्याने केलेल्या व्हीलॅनवर मात्र काहीच नसतं, म्हणजे सगळं बंद. म्हणून लॅनच्या पानावर "सगळं चालतंय" आणि कॅमेऱ्यांच्या पानावर "काहीच चालत नाही" असं दिसलं तर खोकं बिघडलेलं नाही.

दुसरी: रहदारी फायरवॉलमध्ये जिथून शिरते, त्या पानावर नियम लिहायचा. ऑफिसने कॅमेऱ्याकडे जायचं असेल तर नियम ऑफिसच्या पानावर. नवखे लोक तो कॅमेऱ्यांच्या पानावर लिहितात आणि तासभर डोकं खाजवतात.

तिसरी: उत्तराची वाट वेगळी उघडावी लागत नाही. ऑफिसने सर्व्हरला विचारलं तर सर्व्हरचं उत्तर आपोआप परत येतं, कारण फायरवॉल जोडण्या लक्षात ठेवते. उलट दिशेचा नियम लिहिलात तर सर्व्हरला स्वतःहून ऑफिसात शिरायची मोकळीक देऊन बसाल.

चौथी, तिसरीचीच दुसरी बाजू: बंदीचा नियम लावला तरी आधीपासून चालू असलेली जोडणी तशीच चालू राहते. "नियम लागूच होत नाही" असं वाटलं तर जोडण्यांची यादी, म्हणजे स्टेट्स, पुसा आणि परत बघा.

मायक्रोटिकवाल्यांसाठी: तिथे इनपुट म्हणजे राउटरकडेच येणारं आणि फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून आरपार जाणारं. फॉरवर्डमध्ये सगळं बंद केलं आणि इनपुट उघडं राहिलं, तर आतली माणसं अडली पण राउटरचं दार सताड उघडं. काम करताना सेफ मोड चालू ठेवा. चुकून स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर जोडणी तुटताच बदल मागे घेतले जातात.

७. पाहुण्यांचं वायफाय: इथून सुरू करा

हा सोपा आहे आणि बिघडला तरी धंदा थांबत नाही, म्हणून सरावाला चांगला. वरून खाली असे नियम:

१. पाहुणे ते फायरवॉल, पोर्ट ५३: चालू. हे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारं. विसरलात तर वायफाय जोडलेलं दिसेल, एकही साइट उघडणार नाही.
२. पाहुणे ते फायरवॉल, बाकी सगळं: बंद. नाही तर पाहुण्याला फायरवॉलचं लॉगिनचं पान दिसतं. इथे 'धिस फायरवॉल' हा पर्याय निवडा, नुसता आतला आयपी नको. बाहेरच्या आयपीवरूनही तेच पान उघडू शकतं.
३. पाहुणे ते सगळे खासगी पत्ते: बंद. खासगी पत्ते म्हणजे १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. या तिघांचा एक गट, म्हणजे एलियास, करून ठेवा.
४. पाहुणे ते कुठेही: चालू.

चौथ्या नियमात बरेच जण 'कुठेही'च्या जागी 'वॅन नेट' निवडतात, कारण ते इंटरनेटसारखं वाटतं. 'वॅन नेट' म्हणजे नेटवाल्याने दिलेली तेवढीच छोटी गल्ली. इंटरनेट म्हणजे 'कुठेही', आणि त्याच्या वर खासगी पत्त्यांची बंदी.

आतल्या बंदीला 'ब्लॉक'ऐवजी 'रिजेक्ट' वापरलं तर समोरच्याला लगेच नकार मिळतो, मिनिटभर गोल फिरणारं चाक बघावं लागत नाही. बाहेरच्या बाजूला मात्र ब्लॉकच बरा, उत्तर द्यायचंच कशाला.

८. ऑफिस आणि सर्व्हर

ऑफिसच्या पानावर वहीतल्या ओळी एकेक करून उतरवा: सर्व्हरकडे ४४५ आणि ९९९९, हजेरीच्या एका कॉम्प्युटरवरून मशीनकडे ४३७०, मग खासगी पत्त्यांची बंदी, मग इंटरनेटकडे ४४३, ८० आणि मेलचे पोर्ट. डीएनएस फक्त फायरवॉलकडे. पोर्ट २५ बाहेर जाऊ देऊ नका. व्हायरस शिरलेला कॉम्प्युटर त्यावरून स्पॅम पाठवतो आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो.

पोर्ट ४४५ बद्दल दोन शब्द. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस पसरला तो याच वाटेने, आणि मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. फोल्डर शेअर करून चालणाऱ्या बिलिंगला ४४५ उघडा ठेवावाच लागतो, इलाज नाही. मग तो ऑफिस ते सर्व्हर एवढाच ठेवा. पाहुण्यांकडून, कॅमेऱ्यांकडून किंवा बाहेरून कधीच नाही. सर्व्हर अजून विंडोज ७ वर असेल, आणि अशी ऑफिसं पुष्कळ आहेत, तर जानेवारी २०२० नंतर त्याला नेहमीच्या दुरुस्त्या नाहीत हे धरून चाला आणि त्या सर्व्हरचं इंटरनेटच बंद करा. ई-इनव्हॉइस सर्व्हरवरून होत असेल तर तेवढं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवा.

एनीडेस्कबद्दल (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) पोर्टच्या नियमांकडून अपेक्षा ठेवू नका, ते ४४३ वरूनही निघून जातं. तिथे एकच शिस्त: न विचारता जोडणी होईल असा कायमचा पासवर्ड कुठल्याही कॉम्प्युटरवर ठेवायचा नाही. सॉफ्टवेअरवाल्याला काम आहे? माणूस समोर बसून 'स्वीकारा' दाबेल.

पहिला आठवडा लॉग, म्हणजे फायरवॉलने काय अडवलं त्याच्या नोंदी, रोज बघा. एखाद्या बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं पान वेगळ्याच पोर्टवर असतं. ते अडलेलं लॉगमध्ये दिसेल, तेवढाच पोर्ट तेवढ्याच पत्त्यासाठी उघडा. डिजिटल सहीचं टोकन चाललं नाही तर मात्र इथे शोधू नका. सहीचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरच्या आतल्या आत, १२७.०.०.१ वर बोलतं. अडवणारा बहुधा अँटीव्हायरस असतो. तसंच टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दिसेनाशी झाली तर आधी विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते बघा. 'प्रायव्हेट' केलं की बऱ्याचदा विषय संपतो.

९. कॅमेरे

माझ्या मते लहान ऑफिसातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. कॅमेरे बसवणारा शेवटी मालकाच्या मोबाइलवर चित्र दाखवतो, टाळ्या होतात, आणि त्यासाठी त्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलेलं असतं. ८०, ५५४, ८०००, ३७७७७ असे पोर्ट जगाला उघडे, पासवर्ड कारखान्याचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमके असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ठरलेल्या पासवर्डांनी पकडले आणि त्या फौजेने ऑक्टोबरात डीएनएस पुरवणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला केला. मोठमोठ्या साइट्स काही तास बंद पडल्या.

कॅमेऱ्यांच्या पानावर एवढंच ठेवा: फायरवॉलकडे घड्याळासाठी पोर्ट १२३, बाकी सगळं बंद. इंटरनेटही बंद. ऑफिसात ज्या कॉम्प्युटरवर चित्र बघायचं, त्याच्यासाठी ऑफिसच्या पानावर डीव्हीआरकडे जाणारा एक नियम. घड्याळाचा नियम टाळू नका. चोरीच्या फुटेजवर वेळ चुकीची असेल तर ते दाखवून उपयोग काय?

"मग मोबाइलवर कसं दिसणार?" हा प्रश्न पाचव्या मिनिटाला येतो. उत्तर पुढच्या पायरीत आहे. कंपनीच्या क्लाउडवरून बघायचंच असेल तर डीव्हीआरला फक्त बाहेर जाण्याची परवानगी द्या, बाहेरून आत पोर्ट उघडू नका.

आणि यूपीएनपी बंद आहे का ते बघा. ते चालू असलं तर डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

१०. बाहेरून आत: एकच दार

वॅनच्या पानावर पहिल्यापासून सगळं बंद असतं. तसंच राहू द्या. आम्ही तिथे एकच नियम ठेवला आहे: यूडीपी ५१८२०, वायरगार्ड व्हीपीएनसाठी. काकांच्या मोबाइलवर त्याचं ॲप आहे, एक बटण दाबलं की ते ऑफिसच्या जाळ्यात येतात आणि कॅमेरे दिसतात. "पहले तो सीधा खुलता था" अशी कुरकुर पहिले काही दिवस झाली, मग सवय पडली.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ बाहेर उघडू नका. "नंबर बदलून ५०००१ केलाय, कोणाला कळणार?" असं सांगणारे भेटतील. सगळे पोर्ट तपासत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, त्यांना कळतं. व्हीपीएनमधून आलेल्याला तरी सगळं कशाला? व्हीपीएनच्या पानावर प्रत्येकाला लागेल तेवढंच द्या: काकांना डीव्हीआर आणि सर्व्हर, गोदामाला फक्त बिलिंग. प्रत्येकाची चावी वेगळी करा, म्हणजे कोणी नोकरी सोडली की त्याची तेवढीच काढता येते.

अजून एक सापळा, जो हल्ली वाढलाय: आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. नेटवाल्याने ते दिलं असेल तर तुमचे आयपीव्ही४चे नियम त्याला लागू नाहीत. एक तर त्याचे वेगळे नियम लिहा, नाही तर आतल्या जाळ्यांवर ते बंद ठेवा. नवख्यांनी बंदच ठेवावं.

११. कोणत्या दिवशी करायचं, आणि तपासायचं कसं

महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बीच्या मुदती, यांच्या आसपास फायरवॉलला हात लावू नका. अकाउंट्सच्या ताई आयुष्यभर माफ करणार नाहीत. रविवार चांगला. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला अख्खं इंदूर राजवाड्यावर असतं, ऑफिस रिकामं मिळतं, म्हणून तो दिवस मोहात पाडतो. पण त्या दिवशी नेट गेलं तर दुरुस्तीला कोणी येत नाही.

सुरू करण्याआधी सेटिंगचा बॅकअप घ्या आणि तो फायरवॉलच्या बाहेर, पेनड्राइव्हवर ठेवा. कारखान्याचा पासवर्ड बदला, खोकं अद्ययावत करा. मायक्रोटिकच्या विनबॉक्समधली २०१८ सालची चूक त्या वर्षी एप्रिलमध्येच दुरुस्त झाली होती. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांचे राउटर नंतर हल्लेखोरांच्या हाती गेले.

एका वेळी एकच पान बदला आणि लगेच तपासा:

- पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हरचा आणि फायरवॉलचा आयपी उघडून बघा. उघडता कामा नये.
- ऑफिसातून बिल काढा, प्रिंट मारा, टॅली उघडा, जीएसटी पोर्टलवर लॉगिन करा.
- वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तुमच्या बाहेरच्या आयपीचे पोर्ट तपासा.
- पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा आयपी आणि पोर्ट देऊन चालवा. नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही, पण ४४५ उघडा असतो.

वायरगार्ड अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून तपासताना तो बंदच वाटेल. मोबाइलवरून प्रत्यक्ष जोडून बघा.

काही अडलं तर घाईत "सगळ्यांना सगळं" असा नियम वर टाकायचा मोह होतो. टाकलाच तर त्याच्या वर्णनात तारीख लिहा आणि त्याच संध्याकाळी काढा.

१२. नोंदी आणि गडबड झाली तर

सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. त्यानुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची. फायरवॉलच्या पोटात इतके लॉग मावत नाहीत. सिसलॉगने ते एखाद्या जुन्या पीसीवर पाठवा. आमच्याकडे तो पीसी सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये आहे, पोर्ट ५१४, आणि त्याला इंटरनेट नाही.

दर तीन महिन्यांनी वही आणि नियम समोरासमोर ठेवा. पीएफसेन्समध्ये प्रत्येक नियमापुढे त्यातून किती रहदारी गेली ते दिसतं. शून्यावर बसलेला नियम विचारपूस करून काढा.

एखादा कॉम्प्युटर फाइली कुलूपबंद करताना दिसला तर आधी त्याची नेटवर्कची वायर काढा, मग फायरवॉलची बाहेरची वायर. कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, लॉगची प्रत वेगळी काढा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन, आणि तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. हा क्रम छापून स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, शेजारी नेटवाल्याचा ग्राहक क्रमांक आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह कोणाकडे आहे त्याचं नाव.